पहिलीचा जून: दप्तर घेण्याआधीची कामं

मूल पहिलीत जाणार म्हटलं की घरातले सगळे थेट खरेदीला लागतात. मामा बाटली आणतो, आत्या कंपास आणते, आणि मे संपता संपता लक्षात येतं की आधार अपडेट झालेलं नाही, रिक्षा ठरलेली नाही आणि पोरगं रात्री साडेअकराला झोपतंय. आमच्याकडे दोन मुलांच्या पहिल्या झाल्या. त्यातून जो क्रम हाताला बसला तो इथे लिहितेय: आधी झोप आणि कागद, मग सवयी, खरेदी सगळ्यात शेवटी. हे मुख्यतः महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या शाळेत पहिलीला जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी आहे. बदली होऊन नव्या गावी आला असाल तर तुमच्यासाठीही मध्ये मध्ये काही आहे.

१. शाळा कधी उघडते आणि किती वाजता भरते, ते शाळेलाच विचारा

राज्य मंडळाच्या शाळा साधारण १५ जूनच्या सुमारास उघडतात. विदर्भात तेव्हा ऊन उतरलेलं नसतं, त्यामुळे तिथे जूनची अखेर उजाडते. सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं आणि मे महिन्याच्या सुट्टीनंतर मुलं परत जातात ती चालू वर्गात. म्हणजे नागपूरची बहीण, पुण्याची तुम्ही आणि शेजारची सीबीएसईवाली, तिघींच्या तारखा तीन. दुसऱ्याच्या तारखेवर परतीची तिकिटं काढू नका.

वेळेचंही तसंच. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. पण एकाच इमारतीत दोन सत्रं चालवणाऱ्या शाळांची यात ओढाताण होते. त्यामुळे ‘नऊच असणार’ असं धरून ऑफिसची वेळ ठरवू नका.

आणखी एक विचारायचं, जे कुणी विचारत नाही: पहिला आठवडा पूर्ण वेळ आहे की अर्धा? बऱ्याच शाळा पहिलीच्या मुलांना सुरुवातीचे काही दिवस दोन-अडीच तासांतच सोडतात. दोघंही नोकरी करत असाल तर सगळी घडी इथेच विस्कटते. पाळणाघराच्या ताईंना ही वेळ आधी सांगून ठेवा, कारण त्यांच्याकडेही जूनमध्ये मुलांची गर्दी असते.

२. गावाहून आठवडाभर आधी परत या

आजोळी सुट्टीत सगळंच उशिरा असतं. रात्री अंगणात गप्पा, सकाळी नऊला उठणं, दुपारी आमरस खाऊन तासदोनतास गाढ झोप. हे सगळं हवंच, त्याशिवाय मे कसला. पण शाळा उघडायच्या आदल्या रात्री एसटीतून उतरलात तर पहिला दिवस जांभया देण्यात जाणार.

सहा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते. सातला उठायचं असेल तर साडेनऊला डोळा लागलेला हवा, आणि त्यासाठी नऊला दिवे मालवावे लागतात. हे एकदम होत नाही. ‘आजपासून लवकर झोपायचं’ म्हटलं की मूल अंथरुणात तासभर लोळत राहतं आणि आपण चिडतो. त्यापेक्षा उठण्याची वेळ आधी बदला. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं लवकर उठवा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, मग रात्रीची झोप आपोआप लवकर लागते. आजीला दुपारी नातवंडाला उठवणं जिवावर येतं. तिला हे आधी समजावून सांगा, नाहीतर तुम्ही ऑफिसात आणि इकडे दोन तासांची झोप चालू.

झोपेबरोबर सकाळचं पोटही वेळेवर आणायचं असतं. उठल्यावर कोमट पाणी, थोडा वेळ आणि घाई नाही. घरून पोट साफ करून गेलेलं मूल शाळेत निवांत असतं. हे छापील सूचनांत नसतं, पण पहिल्या महिन्यातल्या निम्म्या कटकटी याच्याशी येऊन थांबतात.

३. कागदांची एकच फाइल करा

प्लॅस्टिकची बटणाची फाइल घ्या आणि त्यात मूळ कागद एका बाजूला, प्रती दुसऱ्या बाजूला ठेवा. साधारण हे लागतं:

- जन्मदाखला. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होणं बघतात, त्याचा हा पुरावा.
- मुलाचं आणि आईवडिलांचं आधार कार्ड.
- पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार.
- लसीकरणाचं कार्ड आणि रक्तगटाचा रिपोर्ट.
- लागू असेल तर वडिलांचा जातीचा दाखला.
- आधी दुसऱ्या शाळेत असेल तर शाळा सोडल्याचा दाखला.
- पासपोर्ट आकाराचे फोटो, मुलाचे आणि दोन्ही पालकांचे. वाटतात त्याच्या दुप्पट काढा. ओळखपत्र, डायरी, बसचा फॉर्म, सगळ्यांना एकेक चिकटवावा लागतो.

यातलं अडणारं काम म्हणजे आधार. लहानपणी काढलेल्या आधारवर बोटांचे ठसे नसतात. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ठसे, डोळे आणि नवा फोटो देऊन ते अद्ययावत करावं लागतं. पाच ते सात या वयात ते मोफत होतं. जूनमध्ये आधार केंद्रावर सगळं गाव लोटलेलं असतं, म्हणून हे काम एप्रिल-मेमध्येच उरका. शाळेची ऑनलाइन नोंद आधारवरच्या नावाशी जुळवली जाते. जुळलं नाही की शाळेतून फोन येत राहतात.

शाळा ‘अपार’ आयडीसाठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या देशभर चालणाऱ्या एकाच ओळख क्रमांकासाठी, संमतिपत्र देईल. सरसकट सगळ्या कागदांवर सह्या करत सुटू नका, हा कागद वाचून सही करा.

बदलीवाल्यांसाठी: जुन्या शाळेकडून दाखला यायला वेळ लागत असेल तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे दाखला उशिरा आला एवढ्या कारणावरून सरकारी किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंत प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. त्याच कायद्यात देणगी घेण्यावर आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यावर बंदी आहे. काउंटरवर ‘डोनेशन’ हा शब्द कुणी उच्चारत नाही, ‘इमारत निधी’ म्हणतात. ज्याची पावती मिळत नाही ते पैसे देऊ नका.

४. शाळेच्या रजिस्टरमधली ओळ स्वतः वाचा

या लेखातलं एकच कलम वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

प्रवेशाच्या वेळी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तुमच्या मुलाची एक आडवी ओळ लिहिली जाते: पूर्ण नाव, आईचं नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. पुढे शाळा सोडल्याचा दाखला निघतो तो या ओळीवरून. दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, जातीचा दाखला, सगळ्यांच्या मुळाशी हीच. ज्यांच्या घरी कुणाची जातपडताळणी झाली आहे त्यांना माहीत आहे, आजोबांच्या शाळेचा उतारा शोधत लोक तालुक्याच्या गावी कसे फिरतात. आज तुमच्या मुलाची जी ओळ लिहिली जातेय, ती कुणीतरी पन्नास वर्षांनी अशीच मागायला येऊ शकतं.

फॉर्म भरताना हे बघा:

नावाचं इंग्रजी स्पेलिंग जन्मदाखला, आधार आणि फॉर्म या तिन्हींत सारखंच हवं. आपल्याकडे ‘आ’साठी कुणी एक ए लिहितं, कुणी दोन. ‘व’साठी एका कागदावर व्ही, दुसऱ्यावर डब्ल्यू. वडिलांच्या नावाला ‘राव’ किंवा ‘कुमार’ जोडायचं की नाही हे ठरवा आणि सगळीकडे तसंच ठेवा. जन्मस्थळ म्हणजे जिथे जन्म झाला ते गाव, तालुका, जिल्हा. मूळ गाव नव्हे. प्रसूती माहेरी झाली असेल तर तिथलंच लिहायचं, जन्मदाखल्यावर आहे तसं. जातीच्या रकान्यात काय लिहायचं ते वडिलांच्या दाखल्यावरून उतरवा, आठवणीवरून नको.

मग प्रवेश झाल्यावर थोड्या दिवसांनी कार्यालयातल्या क्लार्कना विनंती करून ती नोंद डोळ्यांनी बघा. जूनच्या गर्दीत एकेक माणूस शेकड्याने नावं उतरवत असतो, एखादी वेलांटी इकडची तिकडे होणारच. लगेच लक्षात आलं तर बोलून काम होतं. नंतर शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यावी लागते, आणि शाळा सुटल्यावर तर राजपत्र वगैरे लांबचं प्रकरण.

५. डॉक्टरांकडे एक फेरी

पाच ते सहा वर्षांदरम्यान डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) दुसरा बूस्टर असतो. बऱ्याच घरांत दीड वर्षानंतर कार्ड उघडलेलंच नसतं, त्यामुळे तो राहून जातो. इंजेक्शननंतर हात दुखतो, कधी ताप येतो. म्हणून शाळेच्या आदल्या आठवड्यात नको, मे महिन्यातच घ्या. त्याच फेरीत डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नाही हे सहा वर्षांचं मूल सांगत नाही, ते शेजारच्याच्या वहीत बघून लिहितं. किडलेला दात असेल तर तोही.

६. खरेदी: आत्ता थोडी, बाकी नंतर

*पुस्तकं.* सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात. ती आधीच विकत आणू नका. विनाअनुदानित शाळेत असाल तर घ्यावी लागतील, पण शाळेने दिलेली यादी हातात पडल्यावरच. पहिलीचा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून बदलला आहे, तेव्हा ताईची जुनी पुस्तकं कामाची नाहीत. नुसतं चाळून बघायचं असेल तर बालभारतीच्या ई-बालभारती संकेतस्थळावर पीडीएफ फुकट आहेत.

*वह्या.* यादीशिवाय अजिबात नाही. पहिलीला चौकटी, दुरेघी, चाररेघी असे प्रकार लागतात आणि प्रत्येक बाईंची पसंती वेगळी. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा तुमच्या गावच्या घाऊक दुकानात डझनाने स्वस्त मिळतात म्हणून एकरेघी वह्यांचा गठ्ठा आणाल आणि तो तिसरीपर्यंत कपाटात पडेल. शाळा एकाच दुकानातून घ्यायची सक्ती करत असेल तर पालकसभेत विचारा, ती सक्ती करता येत नाही.

*दप्तर.* भरलेल्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जाऊ नये. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो दिलं आहे. आता हिशेब करा: अर्ध्या लिटरची भरलेली बाटली म्हणजे अर्धा किलो गेला. डबा पाव किलोच्या वर. कार्टूनच्या उठावाचं, सतरा कप्प्यांचं दप्तर रिकामंच जवळजवळ किलोभर भरतं. दुकानात रिकामं दप्तर एका बोटावर उचलून बघा. चाकांची ट्रॉली घेऊ नका, शाळेत जिने असतात. बाहेर मुलाचं नाव ठळक लिहू नका. रस्त्यावरच्या कुणालाही नावाने हाक मारता येईल असं कशाला? नाव, मोबाइल नंबर आतल्या झाकणावर.

*गणवेश.* वाढीव मापाचा घ्या, पण कमरेला नव्हे, उंचीला. खाली तीन-चार बोटं दुमड ठेवून घेतली की दोन वर्षं जातात. मुलग्याची पँट पहिल्या वर्षी इलॅस्टिकची हवी, हूक-बटणाची नको. कारण पुढच्या कलमात येईल. हाउसच्या, म्हणजे शाळेत मुलांचे गट पाडतात त्याच्या, रंगाचा टीशर्ट मात्र हाउस कळल्यावरच.

*पाऊस.* पाठीवर दप्तरासाठी फुगवटा असलेला रेनकोट. छत्री या वयात हरवण्यासाठीच असते. कापडी बूट जूनमध्ये भिजले की दुसऱ्या दिवशी ओलेच असतात, त्यामुळे पावसाळी सँडल चालतात का ते विचारा, बऱ्याच शाळांत चालतात. दप्तरात एका पिशवीत कोरड्या मोज्यांची जोडी.

कव्हरं घालण्याचा कार्यक्रम रविवारी, सगळ्यांनी मिळून. ब्राउन पेपर, लेबल, चिकटपट्टी. बाबांनी कापायचं, आजोबांनी घड्या घालायच्या, लेबलवरचं नाव मुलाने स्वतः लिहायचं, वाकडं आलं तरी.

७. एकट्याने करायच्या गोष्टी

अक्षरं गिरवून घेण्यात मे घालवू नका, ते बाई करणार आहेत. पण वर्गात तीस-चाळीस मुलांमागे एक बाई असताना काही गोष्टी तुमच्या मुलाला एकट्याला याव्या लागतात.

सगळ्यात आधी शू-शी. घरी कमोडची सवय असते आणि बऱ्याच शाळांत भारतीय पद्धतीचा संडास. तिथे उकिडवं बसणं, पँट भिजू न देणं, मगने पाणी घेणं, हे सगळं नवीन असतं. गावी गेलात तेव्हा शिकवून घ्या. पँटचं बटण स्वतःला निघत नाही म्हणून मुलं शू रोखून धरतात आणि मग व्हायचं ते होतं. म्हणून ते इलॅस्टिक. बाईंना मोठ्याने ‘मला शूला जायचंय’ सांगायचा सरावही करा. घरात आपण जे लाडाचे शब्द वापरतो ते बाईंना कळत नाहीत.

मग बाटलीचं झाकण. डब्याचं झाकण. रेनकोट काढून घडी करणं, निदान चुंबळ करून पिशवीत कोंबणं. स्वतःचं पूर्ण नाव, आईबाबांचं नाव आणि एक मोबाइल नंबर तोंडपाठ.

८. डबा

शाळेत डबा खायला पंधरा-वीस मिनिटं मिळतात, त्यातली पाच झाकणाशी झटापट करण्यात जातात. शाळेआधी आठ दिवस दुपारचं खाणं त्याच डब्यातून, खाली मांडी घालून, घड्याळ लावून द्या. टीव्ही बंद.

काय द्यावं? थंड झाल्यावर काय होतं हा एकच निकष. पोहे कोरडे पडतात, साबुदाण्याची खिचडी वातड होते, उपम्याचा गोळा. गूळ-तूप लावलेल्या पोळीची गुंडाळी, थालीपीठाचे तुकडे, धिरडं, इडली, मेथीचा पराठा हे टिकतं. पहिल्या आठवड्यात नवा पदार्थ नको, आवडता द्या आणि घरी खातं त्याच्या निम्मा द्या. संपलेला डबा घरी आणणं मुलाला फार आवडतं. आंब्याच्या फोडी मोह झाला तरी नकोत, पांढऱ्या शर्टावरचा तो डाग जात नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचा पोषण आहार मिळतो. तरी छोट्या सुट्टीसाठी घरून काहीतरी लागेल का, ते बाईंना विचारा.

९. रिक्षा की बस

स्कूल बससाठी महाराष्ट्रात २०११ पासून वेगळे नियम आहेत: पिवळा रंग, मुलांची चढउतर बघणारी व्यक्ती, आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती. गाडी ठरवताना बसमध्ये ताई असते का, ते आधी विचारा.

रिक्षावाले काका सहसा जुन्या पालकांच्या ओळखीने मिळतात आणि मे अखेरीला त्यांच्या जागा भरलेल्या असतात. पैशांवर घासाघीस करण्याआधी हे विचारा: एका फेरीत किती मुलं? आमचं कितव्या नंबरला उतरणार? तुम्ही आजारी पडलात तर कोण येणार? ‘बसतील हो, लहानच आहेत’ असं उत्तर आलं आणि पुढच्या सीटवर काकांच्या दोन्ही बाजूंना मुलं दिसली, तर दुसरी रिक्षा बघा.

मुलाला कुणाकडे सोपवायचं, त्यांची नावं शाळेला आणि काकांना लेखी द्या. आजी, शेजारच्या काकू, बस्स. यादीत नसलेल्या कुणाबरोबर जायचं नाही, अगदी ओळखीचं असलं तरी, हे मुलालाही सांगा. पहिला आठवडा स्वतः सोडा-आणा, जमलं तर.

१०. पहिला दिवस आणि त्यानंतरचा सोमवार

औक्षण, हातावर दही-साखर, देवाला नमस्कार, एक फोटो. हे सगळं दहा मिनिटांत बसवा. शेजारपाजारच्या सगळ्यांच्या पाया पडत निघालात तर प्रार्थना चुकणार.

गेटवर निरोप छोटा द्या. ‘मोठ्या सुट्टीनंतर घंटा झाली की मी इथेच, या झाडाखाली’ एवढं नेमकं सांगा आणि निघा. खिडकीतून डोकावू नका, तुम्हाला बघून थांबलेलं रडू पुन्हा सुरू होतं. खोटं सांगून सटकू नका. आणि ‘रडलास तर बाई कोंडून ठेवतील’ असं घरात कुणी म्हणत असेल तर ते जूनच्या आधीच थांबवा. शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला कायद्याने बंदी आहे, पण त्या वाक्याने मुलाच्या मनात बसलेली बाईंची भीती कुठल्या कायद्याने जात नाही.

पहिल्या दिवशी हसत गेलेलं मूल दुसऱ्या सोमवारी पाय आपटतं. नवलाई संपलेली असते आणि हे रोजचंच आहे हे त्याला कळलेलं असतं. सुट्टी टाकायची असेल तर पहिल्या दिवसाबरोबर हा सोमवारही धरा. घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ विचारलं की ‘काही नाही’ येतं. ‘शेजारी कोण बसलं होतं? त्याच्या डब्यात काय होतं?’ विचारा, सगळं बाहेर येतं.

११. व्हॉट्सॲप ग्रुप आणि पालकसभा

वर्गाचा ग्रुप पहिल्याच दिवशी तयार होतो आणि रात्री अकरापर्यंत वाजत राहतो. तो म्यूट करा, पण रात्री साडेआठला एकदा उघडा. ‘उद्या वारकरी वेश’ हा निरोप नेमका तेव्हाच येतो. आषाढी जून-जुलैत असते, बहुतेक मराठी शाळांत दिंडी निघते, आणि दुसऱ्या दिवशी लहान मापाचं धोतर किंवा नऊवारी कुठल्याच दुकानात नसते. भावंडांकडे, चाळीत, सोसायटीत आधीच विचारून ठेवा. पुण्यात असाल तर पालख्या येतात त्या दिवशी रस्ते बंद असतात. काकांची रिक्षा कुठून येणार, ते आदल्या दिवशी विचारा.

पहिल्या पालकसभेला दोघांपैकी एकाने जाच. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून सोडतीने निवडतात आणि २०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे फीचा प्रस्ताव याच समितीपुढे येतो. वेळ असेल तर नाव द्या. सभेत विचारायचे प्रश्न लिहून न्या: दप्तरात रोज काय आणायचं नाही, पुस्तकं वर्गात ठेवता येतील का, मुलाला बरं नसेल तर फोन कोणाला येणार. गृहपाठाचंही विचारा. त्याच २०२० च्या धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं म्हटलंय, तरी काही शाळा रोज दोन पानं देतात. बाईंना एकट्याने गाठून तक्रार करण्यापेक्षा सभेत चार पालकांनी मिळून विचारलं की उत्तर लवकर मिळतं.